खचलेल्या कोपऱ्याखाली

ही गोष्ट खरी आहे. माझ्या घरात घडली, माझ्या डोळ्यांदेखत घडली. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल सोडून द्यावी, मला वाईट वाटणार नाही. खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मला फारसं काही वाटतच नाही.

आणखी एक. भुताची गोष्ट म्हटली की लोक अमावास्या, मध्यरात्र, पिंपळ असलं काहीतरी मागतात. ही भर दुपारची गोष्ट आहे.

साल एकोणीसशे चौसष्ट. वैशाख महिना. गाव अमडापूर, तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा.

माझं नाव रुख्मिणी. सातवी फायनल पास आहे, म्हणून स्वतःच लिहितेय. तेव्हा नवीन लग्न झालेलं होतं आणि पोटात पाचवा महिना चालू होता. घरात आम्ही चौघं. सासरे शेषराव, त्यांना मी मामंजी म्हणत असे. सासू सुभद्राबाई, त्या आत्याबाई. आणि हे. ह्यांचं नाव हिंमतराव. गावाबाहेर आमचा भाजीपाल्याचा मळा होता. वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर, सगळं चिखलीच्या बाजारात जायचं.

हे फार बोलके होते. न्हाणीत गेले तरी गाणं चालू. ठेच्याशिवाय घास उतरत नसे, आणि मामंजींशी दिवसातून एकदा तरी वाजायचंच. आत्याबाई म्हणायच्या, हे दोघं भांडले नाहीत तर मला घर ओकंबोकं वाटतं. मला मात्र ती भांडणं नकोशी व्हायची. आता कोणी ती परत आणून दिली तर मी त्यांच्या पाया पडेन.

घर नवं होतं. मामंजींनी दोन वर्षांपूर्वी बाजाराच्या मागे जागा घेऊन बांधलेलं. विटांच्या भिंती, वर टिनं, खाली शहाबादी फरशी. गावात फरशीची घरं तेव्हा मोजकीच. मामंजी येणाऱ्याजाणाऱ्याला ती फरशी दाखवत.

त्या उन्हाळ्यात धान्याच्या खोलीचं दार अडकायला लागलं.

मग भिंतीत भेग दिसली. आधी केसाएवढी. मग तिच्यात बोट जायला लागलं. फरशीवर तांब्या आडवा झाला की आपोआप कोपऱ्याकडे घरंगळत जायचा. घर त्या कोपऱ्याला खचत होतं, हे मलासुद्धा कळत होतं.

ह्यांनी मामंजींना न विचारता चिखलीहून वामनरावांना आणलं. वामनराव सरकारी खात्यातले निवृत्त ओव्हरशिअर. त्यांनी भेगेवर काचेची एक पट्टी सिमेंटने आडवी चिकटवली. म्हणाले, भिंत जागेवर असेल तर काच राहील, भिंत हलत असेल तर फुटेल.

आठवड्याच्या आत काच फुटली.

वामनराव पुन्हा आले तेव्हा त्यांनी सांगितलं की फरशी उखडून पायाखालची माती पाहावी लागेल, चारही कोपऱ्यांना खड्डे घ्यावे लागतील, लेव्हल लावावी लागेल. पूर्ण तपासाचे तीनशे रुपये. त्या काळी तेवढ्यात एक बरा बैल येत असे.

मामंजी हसले. मग हसू थांबलं आणि ते म्हणाले, "माती पाहाचे तीनशे? मी जनमभर माती पाहून राह्यलो, मले कोणी तीन पैसे देल्ले नाई."

ह्यांनी खूप समजावलं. पोर येणार आहे, भिंत अंगावर आली तर काय करायचं, असं पोटतिडकीने सांगितलं. मामंजी ऐकेनात. शेवटी ठरलं की दोघांनी मिळून आपणच कोपरा उघडून बघायचा. वामनराव चहा पिऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी पहार घेतली आणि फरशी ठोकून बघायला सुरुवात केली. खोलीच्या मध्यावर आवाज भरीव येत होता. कोपऱ्याजवळ आला की ढब... ढब... असा पोकळ.

ह्यांनी पहार थांबवली.

आणि खालून... आणखी एक ढब आला.

मामंजी म्हणाले, पोकळीत आवाज घुमतो. ह्यांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. मी दारात उभी होते, मला हसू आलं नाही.

फरशी निघाली. खाली हातभर माती, आणि तिच्याखाली एक गोल दगड. झाकणासारखा.

पेव होतं ते.

नव्या लोकांना माहीत नसेल म्हणून सांगते. पूर्वी आमच्याकडे ज्वारी जमिनीखाली ठेवत. दोन पुरुष खोल खड्डा, तोंड लहान, पोट मोठं. आतून कडबा लावायचा, ज्वारी भरायची, तोंड दगडाने बंद करून वर माती लोटायची. वर्ष-दोन वर्षं धान्य राहायचं. ज्यांच्याकडून जागा घेतली त्यांनी पेवाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मामंजींनी बरोबर त्याच्या पोटावर भिंत उभी केली होती.

पेवाचा एक नियम असतो, आमच्या भागात लहान पोरालाही ठाऊक असलेला. उघडलेल्या पेवात त्याच दिवशी उतरायचं नाही. आतली हवा मेलेली असते. तोंड रात्रभर उघडं ठेवायचं, दुसऱ्या दिवशी दिवा सोडायचा, दिवा जळत राहिला तरच माणसाने उतरायचं.

पेव बुजवायला मामंजींनी लगेच दुसऱ्या दिवशी सकाळसाठी मुरमाच्या गाड्या सांगून ठेवल्या. पेव भिंतीखाली किती गेलंय ते त्याआधी बघायचं होतं. ते म्हणाले, रात्रभर कशाला, दिवा सोडू, दिवा सांगेल.

दुपार झाली होती. टिनं तापून तडतडत होती. मामंजींनी कंदील लावला, दोराला बांधला आणि खाली सोडला.

मी वाकून बघत होते. कंदील खाली गेला... आणखी खाली... तळाला टेकला.

जळत राहिला. ज्योत हललीसुद्धा नाही.

मामंजी खूश झाले. त्यांनी दोर ओढायला सुरुवात केली आणि त्यांचा चेहरा बदलला. दोर हलका लागत होता.

वर नुसता दोर आला.

गाठ ताणाने सुटली असती तर टोक चुरगाळलेलं असतं. हे टोक सरळ होतं. कोणीतरी सावकाश सोडवल्यासारखं. आणि खाली कंदील तसाच जळत होता.

मग... तो उजेड सरकला.

मी शपथेवर सांगते, सरकला. तळाच्या मध्यावरून भिंतीच्या बाजूला गेला, जिथं आम्हाला वरून दिसत नव्हतं तिथं. फक्त पिवळा उजेड मातीवर पडलेला राहिला.

मी म्हटलं, जाऊ नका. मामंजींसमोर मी ह्यांच्याशी कधी बोलत नसे, त्या दिवशी बोलले. ह्यांनी ऐकलं आणि हसले. "अवं, दिवा तं जळून राह्यला. कंदील घेतो अन् येतो."

ते शब्द मला अजून जसेच्या तसे ऐकू येतात.

कमरेला दोर बांधून हे उतरले. मामंजींनी दोर धरला. दोर ताणलेला होता. मग सैल झाला, म्हणजे पाय टेकले.

मामंजींनी हाक मारली. उत्तर नाही.

पुन्हा मारली. उत्तर नाही.

कंदिलाचा उजेड होता. आवाज मात्र कशाचाच नाही. आमच्या मागच्या बाभळीवर दुपारभर होले घुमायचे, तेही गप्प झाले होते. मामंजींनी दोर ओढून पाहिला तर तो कशात तरी अडकल्यासारखा घट्ट. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. आत्याबाई चुलीपाशी होत्या, त्या काही न विचारता उठून आल्या. चुलीवरचं पाणी आटून भांडं करपलं, इतका वेळ आम्ही तिघं तसेच उभे होतो.

मग दोराला एक हिसका बसला.

मामंजींनी ओढलं. हे वर आले. हातात कंदील, जळता.

"काई नाई," हे म्हणाले. "कोरडं हाय."

आत्याबाईंनी त्यांचा दंड धरला आणि लगेच सोडला. मीही हात लावून पाहिला. गार होता. वैशाखाच्या दुपारी, टिनाखाली, इतक्या मेहनतीनंतर अंगावर घामाचा थेंब नाही. बंडीवर मातीचा कण नाही.

दगड पुन्हा तोंडावर सरकवला. मामंजी एकदम थकलेले दिसत होते. त्यांनी गाड्यावाल्याला निरोप पाठवला की मुरूम दोन दिवसांनी आण.

तिन्हीसांजेला मी दिवा लावायला धान्याच्या खोलीत गेले. दारातून अंगण दिसत होतं. हे बाजेवर बसले होते, हात गुडघ्यांवर, समोर बघत. मला पाठमोरे नव्हते, चेहरा स्वच्छ दिसत होता. ओठ मिटलेले.

आणि माझ्या पायाखालून...

"अवं... दोर टाक."

हळू. दमलेला आवाज. ह्यांचा.

मी हातातली काडी विझेपर्यंत उभी राहिले. बोट भाजलं ते नंतर कळलं. मग मी जाऊन आत्याबाईंना सांगितलं. त्या माझ्यावर ओरडतील, पोटुशी बाईला काहीही ऐकू येतं म्हणतील, असं वाटलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. माझ्यासोबत आल्या, फरशी काढलेल्या कोपऱ्यात मातीला कान लावून पालथ्या पडल्या. बराच वेळ तशाच राहिल्या. उठल्या तेव्हा म्हणाल्या, मला काही ऐकू आलं नाही.

त्या रात्री ह्यांनी ठेचा मागितला नाही. जे वाढलं ते खाल्लं.

सकाळी आत्याबाईंनी गळ्यातली एकदाणी काढली आणि मामंजींच्या पुढ्यात ठेवली. सोन्याचं म्हणाल तर त्यांच्याकडे तेवढंच होतं, त्यांच्या आईने दिलेलं.

"हे मोडा," त्या म्हणाल्या. "त्या ओव्हरशिअरले बोलवा. पुरा तपास करा."

मामंजींनी ती उचलली. एरवी ह्या गोष्टीवर घर डोक्यावर घेतलं असतं. ते एकदाणी घेऊन चिखलीला गेले आणि दुसऱ्या दिवशी वामनरावांना घेऊन आले.

वामनरावांनी आल्या आल्या दगड सरकवायला लावला. मग आपला कंदील तारेला अडकवून पेवात सोडला.

माणसाच्या कमरेइतका खाली गेला आणि विझला.

पुन्हा लावला. पुन्हा तिथंच विझला. कोणी चिमटीत धरून विझवावा तसा, गपकन. मग त्यांनी रॉकेलचा बोळा पेटवून आत टाकला. तो तळापर्यंत पोचलाच नाही, मधेच काळा झाला.

वामनराव उठून उभे राहिले आणि धोतराला हात पुसले. म्हणाले, खाली जुनी ज्वारी सडलेली दिसते, ह्यात कोणी जाऊ नका. सहज विचारावं तसं त्यांनी मामंजींना विचारलं, "कोणी उतरलं तं नाई ना याच्यात?"

मामंजी म्हणाले, "पोरगा उतरला होता. परवा."

"कोण्या गावचा?"

"माहा पोरगा."

वामनरावांनी टोपी काढली. त्यांचा समज झाला की ते सुतकाच्या घरात उभे आहेत. हळू आवाजात विचारू लागले की वर काढायला किती वेळ लागला, अंत्यविधी झाला का.

मामंजींनी नुसतं दाराकडे बोट दाखवलं.

दारात हे उभे होते. हातात मुरमाचं टोपलं.

वामनराव कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. मग मामंजींकडे वळून, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "दोन दिवसात अशी हवा बनत नाई, शेषराव. हे बरसोंचं हाय. याच्यात जो उतरला तो वर येत नसते."



आत्याबाई म्हणाल्या, विहिरीतली बादली काढायचा गळ आणा, तो सोडून खाली काय आहे ते बघू. मामंजी गळ आणायला वळले.

हे पुढे आले. "काऊन गळ टाकता? मी पाह्यलं नं. काई नाई खाली."

आणि ह्यांनी टोपलं ओतलं. मुरूम पडल्याचा आवाज खूप उशिरा आला, आणि तो मातीवर पडल्यासारखा नव्हता.

आत्याबाई तशाच खाली बसल्या. मी तिथंच होते. मी ओरडायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. कोणाला थांबवू? माझा नवरा माझ्यासमोर धडधाकट उभा होता, सगळं गाव त्याला बघत होतं, आणि मी कोणत्या तोंडाने म्हणू की माझा नवरा खाली आहे? माझ्या आतलं काहीतरी त्या वेळी बधिर झालं. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल असतो ना, आपला असून आपला नसलेला, तसं.

संध्याकाळपर्यंत पेव भरलं. वर चुना, वर दगड, वर फरशी. वामनरावांनी बाकीचे तीन कोपरेही तपासले, ते ठीक निघाले. त्यांनी आपले तीनशे रुपये घेतले. का घेऊ नयेत? काम केलं होतं. चहा मात्र घेतला नाही, आणि जाताना ह्यांच्या अंगावरून न जाता मागच्या दाराने गेले.

घर त्यानंतर एक सूतही खचलं नाही. भेगेवर लावलेली नवी काच अजून शाबूत आहे.

हे चांगले झाले, असं सगळे म्हणाले. मामंजींशी कधी वाद नाही. गाणं नाही, चेष्टा नाही, मागणं नाही. मळ्यात जायचे, यायचे, दिलं ते खायचे. माझ्या बहिणी म्हणायच्या, तुझं नशीब थोर, असा नवरा मिळाला. मी हो म्हणायची. ह्यांनी माझ्यावर कधी हात उगारला नाही, कधी उणं बोलले नाहीत. एवढंच की धान्याच्या खोलीतला तो कोपरा ते नेहमी वळसा घालून जात, दिवस असो की अंधार. आणि मला पुन्हा कधी "अवं" म्हणून हाक मारली नाही. "ऐक" म्हणायचे.

आत्याबाई पुढं आठ वर्षं जगल्या. त्या दिवसापासून त्यांनी ह्यांना नावाने हाक मारली नाही. मला सांगायच्या, "तुह्या माणसाले वाढ." तुझा माणूस. एकदाही माझा पोरगा म्हणाल्या नाहीत. मामंजींनी तर ह्यांच्याकडे बघणंच सोडलं. आम्ही तिघंही त्याबद्दल आपसात कधी बोललो नाही. बोलून काय करणार होतो?

भाद्रपदात मला मुलगा झाला, भगवान. पुढे तीन वर्षांनी शंकर.

चार वर्षांपूर्वी हे गेले. झोपेतच. रीतसर दहन झालं, राख झाली, अस्थी विसर्जन झालं. म्हणजे माणूसच असेल, असं मी मनाला सांगते. माझं कुंकू त्या दिवशी पुसलं. पण वैशाख आला की माझा हात कपाळाशी जातो आणि मला प्रश्न पडतो की मी विधवा कधीपासून आहे.

आज हे सगळं लिहायला बसले त्याला कारण आहे.

भगवान नोकरीनिमित्त औरंगाबादला असतो. अमडापूरचं घर शंकर बघतो. त्याला आता हे घर पाडून दोन मजले चढवायचे आहेत. बुलढाण्याच्या इंजिनिअरने सांगितलं की आधी जमिनीचा तपास करून घ्या. मशीन येतं, चारही कोपऱ्यांत तीस फुटांपर्यंत भोक पाडतं, जे लागेल ते नळीतून वर काढतं आणि कागदावर लिहून देतं. महाग आहे. मी शंकरला म्हटलं, कशाला खर्च करतोस, घर साठ वर्षं हललं नाही.

"आई, काऊन भेतं?" तो म्हणाला. "मातीच तं तपासाची हाय. मी पैसे भरले बी."

सोमवारी मशीन येणार आहे. पहिलं भोक धान्याच्या खोलीत, कारण तिथं जमीन भरावाची वाटते असं इंजिनिअर म्हणाला.

कदाचित काहीच निघणार नाही. मुरूम, चुना, सडकी ज्वारी. मग मी साठ वर्षं उगाच घाबरले, आणि एका चांगल्या माणसाशी परक्यासारखी वागले. ते मी सहन करेन.

पण हाडं निघाली तर?

भगवान ह्यांचाच, त्याची मला काळजी नाही. तो तेव्हा पोटात होता.

काल संध्याकाळी शंकर अंगणात बाजेवर बसला होता. हात गुडघ्यांवर, समोर बघत. गावातले सगळे म्हणतात, धाकटा हुबेहूब बापावर गेलाय. तो कष्टाळू आहे, मला जपतो, त्याच्या पैशाने तपास करतोय आणि सोमवारी त्या भोकाच्या तोंडाशी तोच उभा असणार आहे.

नळीतून हाड वर आलं आणि त्याने मला विचारलं, आई, हे कोणाचं, तर मी त्याला सांगेन. पण त्यानंतर तो दुसरा प्रश्न विचारेल, आणि त्याचं उत्तर मला माहीत नाही.